वळवाची वीज फोटोत कशी येते?

मे महिन्यातली दुपार. सकाळपासून अंगाची काहिली होतेय, वारा पार पडलाय, झाडाचं पान हलत नाही. चारच्या सुमारास पूर्वेकडे फुलकोबीच्या गड्ड्यासारखा एक ढग वर येताना दिसतो. तासाभरात त्याचा डोंगर होतो, माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो आणि अंधार पडता पडता त्याच्या पोटात लखलखाट सुरू होतो. अशा वेळी गच्चीवर आलेला जवळजवळ प्रत्येक जण मोबाइल वर धरतो, वीज चमकली की बटण दाबतो आणि हाती नुसता काळोख घेऊन खाली जातो.

बार्शीजवळ मामांच्या मळ्यात मी पहिले दोन उन्हाळे असेच घालवले. आपला हात संथ आहे, सरावाने जमेल, असं वाटायचं. सरावाने ते जमण्यासारखंच नव्हतं. डोळ्यांनी काही पाहून बोट हलायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. त्यात बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत कॅमेरा स्वतःचा थोडा वेळ घेतो. आणि वीज? तिचा सगळा खेळ बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो. त्यातला सगळ्यात देखणा, फांद्याफांद्यांचा भाग तर अगदी सुरुवातीलाच येऊन जातो. म्हणून विजेचा फोटो काढणारी माणसं वीज दिसल्यावर बटण दाबत नाहीत. ती आधीच शटर उघडून ठेवतात आणि वीज यायची वाट पाहतात. बाकीचं सगळं तंत्र या एका गोष्टीतून निघतं, म्हणून ती आधी नीट समजून घेऊ.

शटर म्हणजे कॅमेऱ्याचं दार. ते आपण पंधरा सेकंद उघडं ठेवलं. त्या पंधरा सेकंदांत कधीतरी पाहुणा आला, आत डोकावला आणि निघून गेला. दार एक मिनिट उघडं होतं की एक तास, यामुळे पाहुण्याची उंची बदलत नाही. विजेचंही तसंच आहे. ती शटरच्या मानाने इतकी अल्पजीवी आहे, की शटर पाच सेकंद उघडं ठेवा नाहीतर तीस सेकंद, फोटोतली वीज तेवढीच उजळ येते. मात्र दार जितका वेळ उघडं, तितकी बाहेरची धूळ घरात जास्त. इथे धूळ म्हणजे गावातले दिवे, चंद्र, मावळतीचा उरलेला उजेड. तो सगळा वेळ साठत राहतो आणि आभाळ पांढुरकं करतो.

थोडक्यात, वीज किती उजळ दिसावी हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात, म्हणजे दार किती रुंद आहे आणि घर किती हळवं आहे. बाकीचं दृश्य किती उजळ दिसावं यात शटरच्या वेळेचीही भर पडते. हे एकदा डोक्यात बसलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. सुरुवात आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि शटर १५ सेकंदांवर करावी. वीज पांढरीफटक, जाडजूड, कडा वितळल्यासारखी आली तर अ‍ॅपर्चर एफ ११ करावं; एफचा आकडा जितका मोठा, तितकं दार अरुंद. बारीक आणि फिकट आली तर ५.६. वीज बरोबर आहे पण आभाळ उजळून गेलंय, तर शटरची वेळ कमी करावी. पुण्यासारख्या शहरातून आठ सेकंदही पुष्कळ होतात. मळ्यात अमावास्येच्या आसपास तीस सेकंद ठेवले तरी आभाळ काळंच राहतं.

आता खुद्द विजेकडे वळू, कारण ती कशी घडते हे कळलं की फोटोत काय आलंय ते वाचता येतं.

वळवाचा ढग १२ ते १५ किलोमीटर उंच जातो, म्हणजे एव्हरेस्टच्याही बराच वर. त्याच्या मधल्या थरात, जिथे तापमान शून्याखाली दहा ते वीस अंश असतं, तिथे बर्फाचे हलके स्फटिक, साबुदाण्याएवढ्या मऊ गारा आणि गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब एकत्र घुसळले जातात. स्फटिक आणि गारा एकमेकांवर आदळताना विद्युतभाराची देवाणघेवाण होते. बहुतेक गारा ऋणभार घेऊन खालच्या बाजूला राहतात, हलके स्फटिक धनभार घेऊन वाऱ्याबरोबर वर जातात. हा साठा असह्य झाला की वीज. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच राहतात. फोटोग्राफर ज्यांच्यासाठी जीव टाकतात त्या जमिनीवर येणाऱ्या विजा त्या मानाने थोड्या. जून-जुलैत कोकणात दिवसदिवस पाऊस कोसळतो, पण विजा वळवाएवढ्या नसतात, यामागेही हेच आहे. ऐन मोसमी पावसाच्या ढगात वर चढणारा वारा तेवढा जोरकस नसतो, त्यामुळे बर्फाच्या थरातली ही घुसळण कमी होते.

जमिनीकडे निघालेली वीज एका झेपेत खाली येत नाही. सुमारे पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे टाकत, मध्ये क्षणभर थबकत, वाटा शोधत, फांद्या फोडत एक मंद रेघ खाली सरकते. ती जमिनीजवळ आली की झाडाच्या शेंड्यातून, टॉवरमधून, कधी उभ्या माणसातूनही एक ठिणगी वर उठते. दोन्ही भेटल्या की मार्ग पुरा होतो आणि त्यातून प्रचंड प्रवाह धावतो. साधारण ३०,००० अँपिअर, आणि तापमान सुमारे ३०,००० अंश सेल्सियस, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. आपल्याला दिसतो तो हा झगमगाट. त्याची वाट प्रत्यक्षात दोन-तीन सेंटिमीटरच जाड असते. मग त्याच वाटेने, सेकंदाच्या विसाव्या हिश्शाएवढ्या अंतराने, पुन्हा तीन-चार वेळा प्रवाह धावतो. वीज थरथरल्यासारखी, लुकलुकल्यासारखी दिसते ती यामुळे.

हे सगळं माणसाला कळलं तेही फोटोमुळेच. चित्रकार पूर्वी वीज करवतीच्या दात्यांसारखी काढायचे. १८८२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचे फोटो मिळवले आणि ती तशी नसतेच, नदीच्या फाट्यांसारखी वळत, फुटत जाते, हे कागदावर दिसलं. पुढे चार्ल्स व्हर्नन बॉइज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वेगाने फिरणाऱ्या दोन भिंगांचा कॅमेरा बनवला. एका पाठोपाठ घडणाऱ्या गोष्टी त्यात शेजारीशेजारी उमटायच्या. १९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बॅसिल शॉनलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कॅमेरे वापरून आधी उतरणारी मंद रेघ आणि नंतरचा झगमगाट वेगवेगळे टिपले. आपण गच्चीवर जे करतो त्याची पाळंमुळं या प्रयोगांत आहेत.

तुमच्या फोटोतही यातलं बरंच सापडतं. फांद्या खाली झुकलेल्या असतील तर वीज ढगातून निघाली. झाडासारख्या वर पसरत गेल्या असतील तर ती एखाद्या उंच टॉवरमधून वर गेली. माझ्याकडे एक फोटो आहे, त्यात वीज एका रेघेची नसून शेजारीशेजारी चार रेघांची आहे, साडीच्या काठासारखी. कॅमेरा हलला असं आधी वाटलं. पण खालचा विजेच्या तारांचा खांब अगदी धारदार आला होता. झालं होतं ते असं, की एकाच वाटेने चार वेळा प्रवाह धावला आणि दर खेपेच्या मधल्या वेळात वाऱ्याने ती तापलेली वाट थोडी बाजूला ढकलली. वाऱ्याची दिशा विजेने लिहून ठेवली होती.

दिवसाउजेडी मात्र शटर उघडं ठेवून बसता येत नाही, फोटो पांढरा होतो. तिथे ट्रिगर नावाचं छोटं यंत्र कॅमेऱ्यावर बसवतात. विजेचा उजेड दिसताच ते आपोआप शटर उघडतं. तोवर पहिला प्रवाह बहुधा निघून गेलेला असतो आणि सापडतात त्या पुढच्या खेपा. गंमत अशी, की फांद्या मुख्यतः पहिल्या खेपेत उजळतात; पुढचे प्रवाह बहुतेक मुख्य वाटेनेच जातात. म्हणून दिवसा ट्रिगरने घेतलेल्या विजा पुष्कळदा बिनफांद्यांच्या, ओक्याबोक्या दिसतात. मला विचाराल तर ट्रिगरवर पैसे घालवण्याआधी चांगला ट्रायपॉड घ्यावा आणि दिवेलागणीची वाट पाहावी. सूर्य मावळल्यावरची वीस मिनिटं या कामाला सोन्यासारखी असतात. जमिनीवर अंधार होतो, पण १२ किलोमीटर उंचीवरच्या ढगाच्या माथ्यावर पुढची दहा-पंधरा मिनिटं ऊन असतं. वर केशरी ऐरण, मध्ये जांभळं पोट, खाली वीज. दोन ते चार सेकंदांचं शटर त्या वेळी पुरतं. रात्रीच्या काळ्या आभाळातल्या विजेपेक्षा मला हा फोटो कैक पटींनी मोलाचा वाटतो, कारण त्यात ढग दिसतो.

आणि ढग दिसायचा तर तो लांब हवा. नवख्या माणसाला वाटतं, वादळ जितकं जवळ तितका फोटो भारी. तसं नसतं. ढग डोक्यावर आला की आभाळ नुसतं करडं होतं, पाऊस लेन्सवर येतो, वीज फ्रेमच्या बाहेर पडते. तोच ढग २० किलोमीटरवर असेल तर क्षितिजापासून साधारण तीस अंशांत मावतो, म्हणजे २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्समध्ये पायापासून माथ्यापर्यंत बसतो. ४० किलोमीटरवर गेला तर ५० ची साधी लेन्स पुरते. अंतर मोजायला यंत्र लागत नाही. वीज चमकली की सेकंद मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की तीनने भागायचं. जितकं उत्तर तितके किलोमीटर. गडगडाट ऐकूच आला नाही तर वादळ बहुधा पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि फोटोला अगदी झकास जागी आहे.

सुरक्षिततेचं गणितही हेच सांगतं. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर पडलं की वादळ दहा किलोमीटरच्या आत आलं, आणि पुढची वीज तुमच्या जागीही पडू शकते. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी, पाऊस सुरू झालेला नसला तरी. तेव्हा आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. भारतात २०२२ या एका वर्षात वीज पडून २,८८७ माणसं गेली अशी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी आहे. असे बळी बहुतेक करून शेतात, झाडाखाली, मोकळ्यावर असलेल्यांचे जातात. आपण फोटोसाठी शोधतो ती जागा म्हणजे उंच, मोकळी, चहूबाजूंनी आभाळ दिसणारी. विजेलाही तीच सोयीची असते.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा मी विहिरीच्या कठड्याजवळ ट्रायपॉड लावून बसलो होतो. आकडा चाळीस सेकंदांच्या वर होता, म्हणून निर्धास्त. मग बॅटरी बदलण्यात, लेन्स पुसण्यात दहा-बारा मिनिटं गेली आणि मोजायचं राहिलं. मामा गोठ्यातून आले ते थेट माझ्याकडे. “वारं फिरलं बघ. गार झालं. ऊठ, आत चल.” मी म्हटलं, “मामा, अजून लांब आहे.” त्यांनी ट्रायपॉडसकट कॅमेरा उचलला आणि घराकडे चालू लागले. ओसरीवर पोचून मी मोजलं तर बारा सेकंद. चार किलोमीटर. तो गार वारा म्हणजे ढगातून खाली कोसळून पुढे पसरलेली हवा होती. वादळाच्या आधी ती येऊन पोचते, धुळीची भिंत घेऊन. शेतकऱ्याला ती अंगावर कळते, मला घड्याळ असून कळली नव्हती. मामांच्या बांधावर एक लिंब आहे. आदल्या वर्षी त्यावर वीज पडली, तेव्हापासून शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चार बोटं रुंदीचा सालीचा पट्टा गायब आहे. आतल्या रसाची क्षणात वाफ होते आणि साल फटकन उडते. त्या सोललेल्या पट्ट्यावरून हात फिरवला तेव्हा झाडाखाली उभं राहायचं नाही म्हणजे काय, ते मला खऱ्या अर्थाने समजलं.

झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, गडाच्या बुरुजावर, दुचाकीवर थांबू नये. पक्कं घर किंवा काचा वर केलेली, पत्र्याच्या टपाची चारचाकी चालते. वीज जमिनीत शिरल्यावर आजूबाजूला पसरते. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून तो प्रवाह त्यांच्या अंगातून जास्त जातो आणि ती एकदम चार-पाच दगावतात. मोबाइलमुळे वीज खेचली जाते, हे खरं नाही. पायाळू माणसावर वीज पडते, हेही खरं नाही. माझी आजी पायाळू होती आणि तिला आयुष्यभर प्रत्येक वळवाला घरात कोंडलं गेलं. घरात राहणं बरोबरच होतं, पण ते सगळ्यांनीच राहायला हवं होतं.

घरात राहूनही उत्तम फोटो येतो, हे कुणी फारसं सांगत नाही. खोलीतले दिवे घालवा, बंद खिडकीच्या काचेला लेन्स जवळजवळ टेकवा, वरून काळी ओढणी टाका म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही. नाहीतर कॅमेरा गॅलरीत ठेवा आणि स्वतः आत या. कॅमेरा सलग फोटो काढण्याच्या मोडवर टाकून केबल रिलीजचं, म्हणजे वायरने जोडलेलं शटरचं बटण अडकवून ठेवलं की एक फ्रेम संपली की दुसरी आपोआप सुरू होते. इथे एक सेटिंग न विसरता बंद करायचं: लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. ते चालू असेल तर पंधरा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी पंधरा सेकंद दार लावून बसतो, आणि चांगली वीज हमखास त्याच वेळी पडते. फोकस अंधारात आपोआप होत नाही. लांबच्या टॉवरचा लाल दिवा स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस करावा आणि मग त्या रिंगला हात लावू नये. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये घ्यावा; विजेचा जांभळटपणा नंतर हवा तेवढा ठेवता येतो.

मोबाइलवर? जमतं, पण त्याची अडचण वेगळी आहे. बहुतेक मोबाइलचं अ‍ॅपर्चर एफ १.८च्या आसपास आणि कायमचं तेवढंच असतं, म्हणजे दार सताड उघडं. आयएसओ ५०वर नेला तरी एफ ८ आणि आयएसओ १००च्या तुलनेत दसपट उजेड आत येतो. जवळची वीज त्यात पांढरा डाग होऊन बसते. म्हणून मोबाइलसाठी लांबची वादळं आणि ढगाच्या पोटातल्या विजा निवडाव्यात, आयएसओ आणि शटर हाताने ठरवता येणाऱ्या प्रो मोडमध्ये, मोबाइल कशाला तरी घट्ट टेकवून. नाइट मोड नको. तो अनेक छोटे फोटो एकत्र करतो आणि त्यांतल्या एकातच आलेली वीज पातळ होऊन जाते. व्हिडिओतून फ्रेम काढायची असेल तर कधीकधी अर्धी फ्रेम उजळ, अर्धी काळी दिसेल. मोबाइल बिघडलेला नसतो. त्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि वीज त्या वाचनाच्या मध्येच येऊन गेलेली असते.

कुठलं वादळ धरायचं हे ठरवायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात कुठे विजा पडताहेत ते त्यात दिसतं. ते जीव वाचवायला बनवलंय आणि आधी त्यासाठीच वापरावं. भारतीय हवामान विभागाचे पुढच्या तीन तासांचे तात्कालिक अंदाज आणि रडारची चित्रंही सगळ्यांना खुली आहेत. पण मळ्यातला अनुभव असा, की दुपारी तीनला ढगांच्या कडा धारदार, कोरल्यासारख्या दिसत असतील तर ते वाढताहेत. कडा पिंजलेल्या कापसासारख्या झाल्या की त्या ढगाचं वय झालं.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एकाच फोटोत दहा-बारा विजा असतील तर तो बहुधा तास-अर्ध्या तासाचे फोटो एकावर एक चढवून केलेला असतो. त्यात गैर काही नाही, वादळाचा एक तास एका चित्रात दाखवायचा तो प्रामाणिक मार्ग होऊ शकतो, पण तसं खाली लिहावं. पाहणाऱ्याला वाटतं की आभाळातून त्या क्षणी खरंच बारा विजा पडल्या, आणि निसर्गाबद्दल त्याच्या मनात चुकीचं चित्र बसतं.

वळीव हुकला तर ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात पुन्हा विजा येतात. तेव्हा हवा धुऊन निघालेली असते, धूळ नसते, रात्री क्षितिजापलीकडची वादळंही लुकलुकताना दिसतात. अशाच लांबच्या वादळांच्या वर, ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, कधीकधी लाल रंगाचे झुपके क्षणभर उमटतात. त्यांना स्प्राइट म्हणतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या जॉन विंकलर आणि सहकाऱ्यांच्या कॅमेऱ्यात ६ जुलै १९८९ रोजी ते पहिल्यांदा सापडले. १९ मे २०२२च्या रात्री तिबेटच्या दक्षिण टोकाजवळून, हिमालयावरच्या एकाच वादळात असे शंभरहून अधिक झुपके टिपले गेले. वादळ २००-३०० किलोमीटरवर हवं, मध्ये ढग नकोत, लेन्स एफ १.८ची, आयएसओ ३,२००च्या वर, शटर एक-दोन सेकंद. रोख वादळावर ठेवायचा नाही, त्याच्या वर, क्षितिजापासून मुठीभर उंचीवरच्या रिकाम्या काळ्या आभाळावर ठेवायचा. मला अजून एकही मिळालेला नाही. मळ्यातल्या घराच्या पूर्वेच्या खिडकीसमोरची शेवग्याची फांदी मामांनी यंदा छाटून ठेवली आहे.